निळ्या कोटामागचा छापखाना

मुलांच्या पुस्तकात जलरंगांनी ठाण मांडलं ते चित्रकारांपेक्षा छापखानेवाल्यांमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगाची वडी आधीच आली होती. लंडनच्या रीव्ह्ज बंधूंनी ओला ब्रश फिरवताच सुटणारी वडी काढली आणि १७८१ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सनं त्यांचा सन्मान केला. आपल्या दप्तरातली कॅमलची पेटी याच घराण्यातली. पण एक चित्र रंगवणं वेगळं, हजार प्रती रंगवणं वेगळं. तेव्हा छापील रेघांवर हातानेच रंग भरत. एकानं लाल लावून कागद पुढे सरकवायचा, दुसऱ्यानं निळा. या कामाला बहुतेकदा पोरंच बसवलेली असत. मुलांची पुस्तकं मुलांनीच रंगवायची, तीही पोटासाठी!

ही पद्धत मोडण्यात मोठा वाटा एडमंड इव्हान्स या मुद्रकाचा. १८७८ पासून चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट त्याच्यासाठी चित्रं काढू लागला. कॅल्डेकॉट तपकिरी शाईनं रेखाटन करी. त्याचा फोटो लाकडी ठोकळ्यावर उतरवून कोरत, आणि तपकिरी छाप काढून परत त्याच्याकडे पाठवत. त्या छापावर तो जलरंग भरी. मग इव्हान्स एकेका रंगाचा वेगळा ठोकळा कोरून घेई. कॅल्डेकॉटची मोकळी रेघ आणि सपाट, पातळ रंग आपण त्याची शैली म्हणून वाखाणतो. त्यातला निम्मा हिशेब ठोकळ्यांचा होता.

बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या लेखिका-चित्रकर्तीच्या वेळी रंग वेगळे करण्याचं कामही कॅमेऱ्याकडे आलं. १८९३ मध्ये एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रातून पीटर ससा जन्मला. त्या गोष्टीचं पुस्तक काढायला प्रकाशकांनी नकार दिल्यावर १९०१ च्या डिसेंबरात तिनं स्वखर्चानं २५० प्रती छापल्या. मुखचित्र तेवढं रंगीत, बाकी काळं-पांढरं. पुढे फ्रेडरिक वॉर्न ही प्रकाशन कंपनी तयार झाली, पण तिला सगळंच रंगीत हवं होतं. बाई कां-कूं करत होत्या: खर्च फार, शिवाय ससे तपकिरी आणि पाला हिरवा, त्यात रंगवण्याजोगं काय? अखेर १९०२ मध्ये रंगीत पुस्तक निघालं. मूळ चित्राचे वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून तीन फोटो घ्यायचे, त्यांचे तीन ठसे करायचे आणि पिवळा, लाल, निळा असे बारीक ठिपके एकावर एक छापायचे. मध्ये कोरणाऱ्याचा हात नाही, त्यामुळे सशाच्या पाठीवरचा केसागणिक फटकारा आणि कोटाच्या निळ्यातली पाण्याची कडा बऱ्याच अंशी जशीच्या तशी उतरली. किंमत मात्र मोजावी लागली; ठिपके नीट उमटायला चिनी मातीचा लेप दिलेला गुळगुळीत कागद लागे.

आज स्कॅनर सगळंच पकडतो, तरी चित्रकाराला छपाई विसरता येत नाही. मजकुराची जागा आधी सोडायची, पानांच्या घडीत कुणाचं नाक जाऊ द्यायचं नाही. चित्रकार क्वेंटिन ब्लेक कच्चं चित्र उजेडाच्या पेटीवर ठेवतात, वर जलरंगाचा जाड कागद अंथरतात आणि खालचं न गिरवता, नुसतं अंदाजानं, टाकानं नवी रेघ ओढतात. शाई पाण्यानं न फुटणारी. ती वाळली की मग ब्रश ओला होतो.