पांगुळगाडा

घरच्यांना माहीतच आहे, गेल्या वर्षी आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घरात वॉकर आला. तो बघताक्षणीच ती म्हणाली, "हा पांगुळगाडा माझ्यासमोर नको." पुढे दोन महिने त्याच्यावर टॉवेल वाळत होते. मी चिडलो, तिला हट्टी म्हणालो. आणि मग एका रात्री, हे यंत्र मुळात आलं कुठून, ते शोधत बसलो.

वाटतं तेवढं ते जुनं नाही. १९४९ साली इंग्लंडमधल्या विल्यम रॉब यांनी अशा चौकटीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तत्त्व सोपं. चौकट उचला, पुढे ठेवा, मग पाऊल टाका. पण गंमत बघा, उचलण्याच्या त्या क्षणी आधार हवेतच असतो!

यावरचा उपाय स्वीडनमधल्या आयना वीफाल्क या बाईंनी काढला. परिचारिकेचं शिक्षण चालू असताना, वयाच्या २१व्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. पुढची कित्येक वर्षं काठ्यांवर भार टाकून त्यांचे खांदे झिजले. १९७८ साली त्यांनी चाकं आणि हातात ब्रेक असलेली गाडी सुचवली. तिला रोलेटर म्हणतात. त्यांनी तिचं पेटंट घेतलं नाही. १९८३ साली त्या गेल्या, गाडी मात्र जगभर पसरली.

पण चाकं आली की नवी भीती येते. उतारावर गाडी पुढे पळाली तर? आणि डोळ्यांनी दिसत नसेल तर जायचं कुठे? इथे रोबो आले.

१९९० च्या दशकात डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जेरार्ड लेसी यांनी दृष्टी गेलेल्या, अशक्त वृद्धांसाठी एक वॉकर तयार केला. त्यातून पुढे 'गायडो' आला. लेझरने तो समोरचा अडथळा ओळखायचा. मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्याची मोटर माणसाला ओढत नव्हती, फक्त पुढची चाकं वळवायची. ढकलायचं आजोबांनीच. शिवाय वळणंही स्वतःच घ्यायची असतील, तर यंत्र नुसतं बोलून सांगायचं.

जपानमध्ये वृद्धांच्या शुश्रूषेसाठी एप्रिल २००० पासून वेगळा विमा आहे. तिथे ओसाकाच्या आरटी वर्क्स कंपनीने २०१५ च्या आसपास 'आरटी.१' आणला. चढावर मोटर हातभार लावते, उतारावर आपोआप ब्रेक लागतो, मुठीवरचे हात सुटले की गाडी थांबते. म्हणजे बाईंनी हातात दिलेला ब्रेक आता यंत्राने स्वतःकडे घेतला.

हे सगळं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. या सुधारणांमागे एकच प्रश्न दिसत होता, की चालणाऱ्याला नक्की भीती कसली वाटते? वीफाल्कबाईंना तर विचारायचीही गरज नव्हती, दुखणं त्यांचंच होतं. मी मात्र आईला दोन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं. थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, "तो उचलला ना, की मागे पडेन असं वाटतं रे."

इतकंच होतं. ७० हून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या चौकटीतली उणीव तिने एका वाक्यात सांगितली, आणि मी तिला हट्टी ठरवून मोकळा झालो होतो.

रोबो काही आपल्याला परवडणारा नाही. चाकं, ब्रेक आणि बसायला पाट असलेली साधी गाडी आणली. आई तिलाही पांगुळगाडाच म्हणते, पण रोज कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत नेते. सोसायटीच्या गेटपाशी उतार आहे, तिथे मात्र एका हाताने माझा दंड धरते. तेवढी मोटर मी होतो.

असो. तुमच्या घरी दारामागे वॉकर पडून असेल, तर एकदा विचारून बघा.