ऐंशी रुपयांचे भांडवल



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा सेक्रेटरीबाईंचा आग्रह झाला तेव्हा मी आधी मागेच सरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु गेल्या दिवाळीत मंडळाने विकलेल्या चकलीच्या भाजणीचा हिशेब माझ्याकडे होता, व तो अजून मनातून जात नाही. म्हणून सात बायकांच्या एका धंद्याची हकीकत सांगते.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. घरकाम उरकल्यावर उरणारा वेळ व हातातली कला, एवढेच त्यांच्यापाशी होते. भांडवलासाठी त्यांनी समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून ऐंशी रुपये उसने घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती त्यांनी भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकायला दिली. हाच पुढे घरोघरी पोचलेला लिज्जत पापड. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आरंभी त्या दोन प्रतीचे पापड करीत, एक चांगला व एक स्वस्तातला. पारेख यांनी, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, सांगितले की एकच प्रत ठेवा, उत्तम ठेवा, आणि हिशेब चोख लिहा. तोटा आला तरी देणगी मागायची नाही, हाही नियम ठरला. उसने पैसे त्यांनी धंद्यातूनच फेडले. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद पडले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट व स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! आपल्यापैकी कोणालाही सुचेल अशीच ही युक्ती. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची मजुरीची रीत. सकाळी केंद्रावर डांगर मिळते. बाई ते घरी नेऊन लाटते, वाळलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून देते. पापड तपासले जातात, वजन होते व मजुरी तिच्या हातात पडते. लाटणारी प्रत्येक बाई त्या धंद्याची भागीदार असते. नफा झाला तर सर्वजणींचा, तोटा झाला तर तोही सर्वजणींचा. म्हणजे पापडाची किंमत ठरवताना उडीद, हिंग, मिरी यांच्याबरोबर लाटणारीचे हातही मोजलेले असतात.

आता आपली भाजणी. तांदूळ, डाळी, धणे-जिरे, दळणाचे पैसे, पिशव्या हे सारे मी वहीत लिहिले होते. दुकानापेक्षा भाव कमी ठेवला, आणि चार दिवसांत भाजणी संपली. सगळ्यांनी वाहवा केली. पेटीत थोडे पैसेही उरले. परंतु आम्ही अकराजणींनी सहा दुपार धान्य निवडले, धुतले, भाजले, त्याचा वहीत एक आकडाही नाही. ते पैसे धरले असते तर आपल्याला तोटाच झाला होता.

आपल्यातल्या एका भगिनीने तेव्हा मला हळूच विचारले होते, "ताई, कामाचे काही मिळेल का हो?" तिच्या घरी मिळवते कोणी नाही, हे मला ठाऊक होते. तरी मी म्हटले, "अगं, हे मंडळाचे काम!" ती हसली, राहिलेली भाजणी भाजून दिली व घरी गेली. त्यानंतर ती मंडळात आली नाही. आपण भाव कमी ठेवला तो तिच्या मजुरीतून, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून यंदा दिवाळीआधीच्या सभेत मी मांडणार आहे की किलोमागे मजुरी आधी ठरवावी, ती वहीत लिहावी व त्यावर भाव काढावा. भाव थोडा चढेल. भाजणी चांगली असेल तर गिऱ्हाईक येईल. ज्यांना मजुरी नको असेल त्यांनी ती मंडळाला खुशाल द्यावी, पण ती आधी त्यांच्या हातात पडू द्यावी.

त्या भगिनीकडे मी स्वतः जाणार आहे. सोबत कोणी आल्यास बरे वाटेल.