अंजनी म्हणजे अंजन नव्हे

महाबळेश्वरला गेलेल्या सभासदांनी तिथल्या रस्त्यांलगत बुटकी, वाकडीतिकडी, शेवाळलेली झाडे पाहिली असतील. त्यांत अंजनी पुष्कळ. निमाडातला अंजन आपल्याला ऐकून माहीत, त्यामुळे दोन्ही एकच असा समज होतो. माझाही बरीच वर्षे होता.

अंजन हा कोरड्या, खडकाळ रानातला शेंगावर्गीय वृक्ष. त्याच्या पानाची दोन दले जोडीने असतात, आणि वर्षातून काही काळ तो निष्पर्ण होतो. लाकूड भारतातल्या सर्वांत जड लाकडांपैकी.

अंजनीचे कूळ वेगळे. ती सदाहरित. पाने साधी, समोरासमोर, जाड नि तुकतुकीत. उन्हाळ्यात पाने झडलेल्या जुन्या फांद्यांवरच जांभळट निळ्या फुलांचे दाट झुबके येतात. पाहिल्यावर विसरत नाहीत. पुढे छोटी गोल फळे धरतात, ती पक्षी खातात. पानांपासून पिवळा रंग काढतात.

महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर ही तिची हक्काची ठिकाणे. सोबतीला जांभूळ आणि पिसा. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर. चार महिने धो धो पाऊस, मग दीर्घ कोरडा काळ. जांभा खडकावर माती थोडी आणि वारा फार, म्हणून झाड खुजे राहते. बारीक खोड पाहून ते कोवळे समजू नये. असे रान एकदा तोडले की लवकर भरून येत नाही, आणि कृष्णा-कोयनेचा उगम याच डोंगरात. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला.