नामदार गोखले आणि सक्तीचा प्रश्न

मार्च १९१२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांचा दोनदा पराभव झाला. ४ मार्च रोजी गिरमिट पद्धती सर्वस्वी बंद करावी हा त्यांचा ठराव फेटाळला गेला. १९ मार्च रोजी त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक तेरा विरुद्ध अडतीस मतांनी नामंजूर झाले. एक प्रश्न वसाहतींतील मजुरांचा व दुसरा शाळांचा, म्हणून या दोहोंचा विचार बहुधा पृथक् केला जातो. वस्तुतः दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच होता: व्यक्तीच्या स्वातंत्र्याच्या नावाने कायद्याने कोठवर अलिप्त राहावे?

मजूर करारावर स्वखुशीने अंगठा उठवितो, असे गिरमिटाचे समर्थन केले जात असे. गोखल्यांनी त्या खुशीचेच परीक्षण केले. जावयाचा देश अज्ञात, तेथील भाषा व चालीरीती अज्ञात, वाट्याला येईल त्या मालकाकडे पाच वर्षे राबणे बंधनकारक, वेतन स्वतंत्र मजुराहून कमी आणि करारभंग झाल्यास फौजदारी शिक्षा. हा शिक्षेचा भाग तर सही घेताना मजुरास सांगितलाही जात नसे. अशा करारास मुक्त करार म्हणावयास ते तयार नव्हते. स्वतःस विकण्याचे स्वातंत्र्य हे स्वातंत्र्यच नव्हे, हे मिल्लचे प्रतिपादन येथे सहज आठवते. मुलांच्या सक्तीच्या शिक्षणास मिल्लने दिलेली संमतीही त्याच ग्रंथात आहे, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

शिक्षणविषयक विधेयकातील सक्ती अत्यंत बेताची होती. शाळेत जाणाऱ्या मुलांचे ठराविक प्रमाण आधीच गाठलेल्या भागांतच, स्थानिक संस्थेच्या इच्छेने व सरकारच्या पूर्वसंमतीने, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती ती लागू व्हावयाची होती. महिना दहा रुपयांहून कमी प्राप्ती असलेल्या पालकांस फी माफ होती. बडोदे संस्थानातील सक्तीच्या शिक्षणाचा दाखलाही समोर होता. तरी सक्ती लोकांस रुचणार नाही, असा आक्षेप आलाच. दडपशाहीचे कायदे करताना लोकांच्या रुचीची ज्यांना आठवण झाली नाही, त्यांच्या मुखी हा आक्षेप शोभत नव्हता. सक्तीचा निर्णय स्थानिक संस्थांवर सोपविण्यात या विधेयकाचे मर्म होते. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेल्या गोखल्यांच्या दृष्टीने नागरिकाने आपल्या प्रतिनिधींमार्फत स्वतःवर घालून घेतलेले बंधन आणि वरून लादलेले बंधन यांत जातीचाच भेद होता.

या भेदाच्या कसोटीवर १९०७ सालचा त्यांचा विरोध सुसंगत ठरतो. राजद्रोही सभांच्या त्या कायद्यात वीसहून अधिक माणसांची सभा सार्वजनिक गृहीत धरली होती. त्यामुळे घरगुती समारंभही त्याच्या कक्षेत येऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. निर्णय शासनाधिकाऱ्याचा आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार नागरिकावर, ही रचना त्यांना अमान्य होती.

अडचण येते ती १९१० च्या मुद्रण कायद्यापाशी. नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार त्या कायद्याने दिला; रचना तीच, आधी अधिकाऱ्याचा हुकूम व मागाहून न्यायालय. भूपेंद्रनाथ बसू व मदनमोहन मालवीय यांनी विरोध केला. गोखल्यांनी केला नाही. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला जॅक्सनचा खून झाला होता आणि नव्या सुधारणांनुसार विस्तारलेले कायदेमंडळ नुकतेच भरले होते. ते मोडू नये ही त्यांची चिंता समजण्याजोगी आहे. उच्च न्यायालयाकडे अपिलाची सोय असल्याने त्यांना हायसे वाटले असावे. तथापि चिंता म्हणजे समर्थन नव्हे. १९१३ मध्ये महंमद अली यांच्या प्रकरणात कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश जेंकिन्स यांनीच या कायद्यापुढे न्यायालयाचे सामर्थ्य किती तुटपुंजे आहे हे उघड केले. जी कसोटी गोखल्यांनी १९०७ मध्ये स्वतः लावली, तीच तीन वर्षांनी बाजूस ठेवली. त्यांच्या नेमस्तपणावरील टीकेत जे काही टिकाऊ आहे ते येथे आहे, १८९७ च्या माफीत नव्हे. प्लेगच्या दिवसांत सैनिकांवर केलेल्या आरोपाचा पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी तो जाहीरपणे मागे घेतला. त्यात भाषणस्वातंत्र्याबरोबर येणारी जबाबदारी त्यांनी स्वतःवर लागू केली होती.

फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले निवर्तले. गिरमिटाची भरती १९१७ मध्ये थांबली. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या विधेयकाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. मुद्रण कायदा मात्र १९२२ पर्यंत अंमलात होता.