खेळण्यांची पेठ आणि मुलांचा कौल

जत्रेत लहान मुलाचा हात धरून आपण चाललो असलो, की एका ठिकाणी तो हात हमखास ताणला जातो. तेथे खेळणीवाल्याने आपली पाल मांडलेली असते. किमतीची घासाघीस वडील माणसे करतात हे खरे. परंतु कोणते खेळणे घ्यावयाचे याचा निर्णय त्या मुलाने केव्हाच करून टाकलेला असतो. जर्मनीत मात्र 1950 सालापासून एक अशी जत्रा भरत आली आहे, की जिच्यात खेळण्यांवाचून दुसरे काही नसते आणि तरीही जिच्या दारातून मुलांना आत सोडीत नाहीत. ती जत्रा म्हणजे न्यूरेंबर्ग शहरातील खेळण्यांचे व्यापारी प्रदर्शन. कारखानदार आपला नवा माल तेथे मांडतात, देशोदेशींचे दुकानदार तो पाहून मागणी नोंदवितात आणि पुढच्या वर्षी जगातील मुलांच्या हाती काय पडावयाचे, हे बव्हंशी तेथेच ठरून जाते. खेळणाऱ्याच्या गैरहजेरीत खेळण्याचा निवाडा करणाऱ्या या पेठेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

न्यूरेंबर्ग हे नाव ऐकले, की आपल्याला प्रथम आठवतात ते 1945–46 मधील नाझी पुढाऱ्यांवरील खटले. परंतु बाहुल्या घडविणाऱ्या कारागिरांचे गाव म्हणून त्याचा लौकिक त्याहून फार जुना, मध्ययुगाच्या अखेरीपासूनचा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात पत्र्याच्या आगगाड्या आणि किल्लीची खेळणी यांचे कारखाने तेथे उभे राहिले. या कारखानदारांत ज्यू कुटुंबे पुष्कळ होती. हिटलरच्या हाती सत्ता आल्यावर त्यांच्यावर देशत्यागाची पाळी आली. ‘टिप आणि कंपनी’चे मालक फिलिप उलमान यांनी 1933 साली इंग्लंड गाठले आणि नॉर्दॅम्प्टन येथे ‘मेटॉय’ नावाचा नवा उद्योग थाटला. याच मेटॉयने 1956 पासून काढलेल्या ‘कॉर्गी’ मोटारींनी पुढे कितीतरी मुलांचे बालपण आनंदाचे केले. जानेवारी 1945 च्या भीषण बाँबवर्षावात न्यूरेंबर्गचा जुना भाग जमीनदोस्त झाला. महायुद्धापूर्वी खेळण्यांची मोठी पेठ भरत असे ती लाइपझिगला. पण ते शहर रशियाच्या अंमलाखाली गेल्यामुळे पश्चिमेकडील कारखानदारांना नवी जागा शोधणे भाग पडले. अशा रीतीने 1950 च्या मार्च महिन्यात सुमारे साडेतीनशे प्रदर्शकांनिशी ही पेठ न्यूरेंबर्गला सुरू झाली.

आता या पेठांतील पारख्यांची पारख कशी होती, ते पाहू. पहिला दाखला लाइपझिगचा, 1903 सालचा आहे. दक्षिण जर्मनीतील गींगेन या गावी मार्गारेटे श्टाइफ नावाची बाई राहत असे. दीड वर्षाची असताना पोलिओने तिचे पाय गेले आणि उजवा हातही अधू झाला. तरीही ती शिवणकाम शिकली. 1880 साली टाचण्या खोचून ठेवण्यासाठी तिने लोकरी कापडाचा एक लहानसा हत्ती शिवला. पण शेजारपाजारच्या मुलांनी त्या हत्तीला टाचण्यांच्या कामी लागू दिले नाही. त्यांनी तो खेळावयास घेतला आणि त्यातूनच तिचा कारखाना उभा राहिला. तिचा पुतण्या रिखार्ट याने 1902 साली हातपाय हलविता येतील असे एक केसाळ अस्वल तयार केले आणि पुढील वर्षी ते लाइपझिगला नेले. व्यापाऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. मांडलेला माल आवरण्याची वेळ आली, तेव्हा एका अमेरिकन व्यापाऱ्याने तीन हजार अस्वलांची मागणी नोंदविली. योगायोग असा, की अध्यक्ष थिओडोर रूझव्हेल्ट यांनी शिकारीत एका बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचे नाकारल्याचे व्यंगचित्र 1902 साली अमेरिकेत गाजले होते आणि ‘टेडी’चे अस्वल घरोघर हवे झाले होते. 1907 या एका वर्षात श्टाइफच्या कारखान्यातून नऊ लाखांहून अधिक अस्वले बाहेर पडली. दोन वर्षांनी मार्गारेटे वारली. परंतु आपल्या अस्वलाने जग जिंकलेले पाहून ती गेली.

दुसरा दाखला डेन्मार्कच्या लेगो विटांचा आहे. बिलुंड या खेड्यातील सुतार उले किर्क क्रिस्टियान्सन याने मंदीच्या काळात, 1932 साली, लाकडी खेळणी करावयास घेतली. त्याचा मुलगा गॉटफ्रेड 1954 साली इंग्लंडमधील खेळण्यांच्या प्रदर्शनाला गेला असता, खेळण्यांना काही एक पद्धत नसते अशी तक्रार त्याने बोटीवर एका खरेदीदाराकडून ऐकली. त्या शब्दाने त्याला झपाटले. प्रत्येक वीट दुसऱ्या प्रत्येक विटेत बसावी अशी ‘पद्धत’ बांधून त्याने ती 1955 साली न्यूरेंबर्गला मांडली, तेव्हा तिचे स्वागत थंडच झाले. पण तो खचला नाही. विटांची पकड सैल पडते हा दोष त्याने शोधून काढला, आतून नळ्या बसवून तो दूर केला आणि जानेवारी 1958 मध्ये त्याचे पेटंट मागितले. तेव्हाच्या विटेत आजची वीट अजूनही घट्ट बसते.

तिसरा दाखला खास न्यूरेंबर्ग परिसरातलाच आहे. शेजारच्या त्सिर्नडॉर्फ येथील एका कारखान्यात हान्स बेक नावाचा, मूळचा सुतारकाम शिकलेला, कारागीर होता. मुलाच्या मुठीत मावेल असा साडेसात सेंटिमीटर उंचीचा माणूस त्याने घडविला. त्याला नाक नाही. दोन डोळे आणि एक हसरी रेघ एवढाच काय तो चेहरा. कारण मुले माणसाचे चित्र असेच काढतात, हे त्याने बारकाईने पाहिले होते. हा माणूस कदाचित कपाटातच पडून राहिला असता. परंतु 1973 च्या तेलसंकटाने प्लॅस्टिक महाग झाले आणि थोड्या मालात अधिक खेळ देणारी वस्तू कारखान्याला हवीशी झाली. 1974 च्या प्रदर्शनात तो मांडला गेला, तेव्हा प्रथम व्यापाऱ्यांनी नाके मुरडली. मग एका डच व्यापाऱ्याने वर्षभराचा माल उचलण्याची तयारी दर्शविली. ‘प्लेमोबिल’ची कथा तेथून सुरू झाली.

शेवटचा दाखला 1979 सालचा. बुडापेस्टमधील एर्नो रुबिक या स्थापत्याच्या शिक्षकाने 1974 साली एक रंगीत फिरता घन केला होता. तो स्वतःच सोडविण्यास त्याला महिन्याहून अधिक काळ लागला. न्यूरेंबर्गला तो टॉम क्रेमर या खेळांच्या शोधकाच्या नजरेस पडला आणि त्याची किंमत त्याने ओळखली. हा क्रेमर जन्माने ट्रान्सिल्व्हेनियातील ज्यू असून, लहानपणी बेर्गेन-बेलसेनच्या छळछावणीत डांबला गेलेला होता. ज्या शहरात ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे 1935 साली पुकारले गेले, त्याच शहरात छावणीतून वाचलेल्या एका मुलाने, प्रौढपणी, जगातील मुलांसाठी एक खेळणे निवडावे, ही इतिहासाची मोठी विलक्षण घडण होय. हे कोडे फार अवघड, ते कोण घेणार, असे म्हणून अनेक कारखानदारांनी त्याला परत पाठविले. अखेर एक अमेरिकन कंपनी राजी झाली आणि 1980 पासून तो घन जगभर फिरू लागला.

या चारही कथांत एक गोष्ट समान आढळते. जाणत्या व्यापाऱ्यांनी मागील वर्षीची विक्री, मांडणीची जागा आणि नफ्याचे प्रमाण पाहिले. हे सर्व पाहणे त्यांचे कर्तव्यच होते. त्यांत त्यांची पोटे गुंतलेली होती. परंतु खेळणे हातात घेऊन ते फिरवावे, मोडावे, पुन्हा जुळवावे, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. ज्यांनी यश मिळविले त्या शिवणारणीने, सुताराने आणि शिक्षकाने आपली नजर मुलांच्या, नाहीतर स्वतःच्या, हातांवर ठेवली होती.

आपणही त्या व्यापाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. बेळगाव-गोव्याकडील श्रोत्यांना सावंतवाडीची चितार आळी ठाऊक असेल. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची तेथील फळे आणि भाज्या इतक्या हुबेहूब, की पाहुण्याने फसून केळ्याला हात घालावा. चिताऱ्याने ती घडविली ती मुलांच्या खेळासाठीही. आपण ती कौतुकाने विकत आणली, काचेच्या कपाटात मांडली आणि घरातील मुलाला बजावले, की हात लावू नकोस. त्या कपाटाची किल्ली आज एकदा मुलाच्या हाती द्यावी. रंगाचा एखादा टवका उडेल. पण चिताऱ्याच्या कामाला त्याचा खरा पारखी मिळेल.