वटवाघूळ नेमकं कुणाचं? निकष बदलला की उत्तर कसं बदलतं

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण एक प्रश्न विचारतात: लिटरेचर रिव्ह्यूमध्ये जुने, चुकीचे ठरलेले पेपर कशाला वाचायचे? शेवटचं उत्तर माहीत असलं की झालं ना? या प्रश्नाला सरळ उत्तर देण्यापेक्षा एक इतिहास सांगतो. वटवाघळाला प्राण्यांच्या कुठल्या गटात बसवायचं, या प्रश्नाचा. तुमचा विषय प्राणिशास्त्र नसला तरी वाचा, कारण मुद्दा सगळ्यांच्याच कामाचा आहे.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करू. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात त्याने वटवाघळाची अडचण अचूक ओळखली होती. पक्षी म्हणावं तर पक्ष्यासारखी शेपटी नाही, चार पायांचा प्राणी म्हणावं तर तसे पाय नाहीत. म्हणून त्याने वटवाघळाला मधल्या प्राण्यांत धरलं. बायबलच्या जुन्या करारात मात्र वटवाघूळ पक्ष्यांच्या यादीतच येतं. आपल्याकडेही बऱ्याच ठिकाणी लहान वटवाघळाला ‘पाकोळी’ म्हणतात आणि संध्याकाळी भिरभिरणाऱ्या एका पक्ष्यालाही तोच शब्द वापरतात. यात अडाणीपणा नाही. निकष ‘उडणं’ हा असेल तर हे वर्गीकरण बरोबरच आहे.

आता 1758 सालात या. लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती निघाली. त्यात त्याने वटवाघळं कुठे ठेवली असतील? प्रायमेट्समध्ये. म्हणजे माणूस, माकडं आणि लेमूर यांच्या पंक्तीला! कारण त्याचे निकष होते दात आणि स्तन: वरच्या जबड्यात पुढचे चार दात आणि छातीवर दोन स्तन. वटवाघळं या निकषात बसत होती, म्हणून ती तिथे गेली. पुढे 1766 च्या आवृत्तीत अमेरिकेतल्या एका वटवाघळाचे दात त्याला वेगळे वाटले, तर त्याने ते थेट उंदीर-खारींच्या गटात टाकलं. दातांवर विश्वास ठेवला की एक वटवाघूळ माणसाशेजारी आणि दुसरं उंदराशेजारी जातं, हे इथे दिसतं. निकष प्रामाणिकपणे पाळूनही असं होऊ शकतं.

1779 मध्ये जर्मनीतल्या ब्लुमेनबाखने हा गोंधळ मिटवला. त्याने वटवाघळांचा स्वतंत्र गण केला आणि त्याला कायरॉप्टेरा, म्हणजे ‘हाताचेच पंख’, असं नाव दिलं. ते आजही चालतं. तुम्ही म्हणाल, त्यानेही एकच लक्षण धरलं की! खरं आहे. पण पंख हे दिसायला एक लक्षण असलं तरी आत हाडं, स्नायू, नसा, त्वचा असा मोठा गठ्ठा आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढचा टप्पा आपल्या देशाशी जोडलेला आहे. जॉर्ज एडवर्ड डॉब्सन हा आयरिश लष्करी डॉक्टर नोकरीनिमित्त भारतात होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या वटवाघळांवर त्याने काम केलं आणि 1876 मध्ये आशियाई वटवाघळांवरचा ग्रंथ काढला. त्याआधी 1875 मध्येच त्याने कायरॉप्टेराचे दोन उपगण केले होते. मोठी फळखाऊ वटवाघळं म्हणजे मेगाकायरॉप्टेरा आणि उरलेली सगळी मायक्रोकायरॉप्टेरा. दाढा, कान, दुसऱ्या बोटावरची नखी असे त्याचे निकष होते. पुढे कळलं की ‘मायक्रो’ गट घशातून उच्च वारंवारतेचा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो, आणि फळखाऊ मुख्यतः डोळ्यांवर व वासावर चालतात. त्यामुळे डॉब्सनची विभागणी आणखीच पक्की वाटू लागली. शंभराहून अधिक वर्षं तिला फारसा धक्का लागला नाही.

धक्का द्यायला आला एक मेंदूतज्ज्ञ. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचा जॉन पेटिग्रू. 1986 मध्ये ‘सायन्स’मध्ये त्याचा पेपर आला. डोळ्यांतून मेंदूच्या मध्यभागाकडे जाणाऱ्या चेतातंतूंची मांडणी प्रायमेट्समध्ये वेगळी असते. तीच मांडणी त्याला फळखाऊ वटवाघळांत दिसली, लहान वटवाघळांत दिसली नाही. त्याचा निष्कर्ष असा: फळखाऊ वटवाघळं ही खरं तर उडणारी प्रायमेट्स आहेत, आणि सस्तन प्राण्यांत पंखांचं उडणं दोनदा स्वतंत्रपणे आलं. म्हणजे कायरॉप्टेरा हा गणच मोडीत! लिनियस अर्धा बरोबर ठरण्याची वेळ आली होती.

यानंतर काय झालं ते नीट बघा, कारण संशोधनाचं खरं शिक्षण इथे आहे. कुणी ‘हे हास्यास्पद आहे’ म्हणून थांबलं नाही. लोकांनी तीन वेगळ्या बाजूंनी तपासणी केली.

पहिली, तीच चाचणी दुसऱ्या जातीवर. 1991 मध्ये रूसेटस या फळखाऊ वटवाघळाचे चेतातंतू तपासले गेले, आणि तिथे प्रायमेट्ससारखी मांडणी मिळाली नाही. दुसरी, पंखांचा तो गठ्ठा. नॅन्सी सिमन्स आणि इतरांनी दाखवलं की दोन्ही गटांच्या पंखांत बारीकसारीक साम्यं इतकी आहेत की ती दोनदा योगायोगाने आली असं मानणं कठीण. तिसरी, डीएनए. 1992 मध्ये एका ग्लोबिन जनुकाच्या अभ्यासाने सगळी वटवाघळं एकत्र आणि प्रायमेट्सपासून दूर ठेवली.

पेटिग्रूने हार मानली नाही. त्याचा आक्षेप होता की वटवाघळांच्या डीएनएत ए आणि टी या घटकांचं प्रमाण जास्त असल्यामुळे दोन्ही गट खोटेच जवळचे दिसत असतील. आक्षेप रास्त होता. त्याला उत्तर एका जनुकाने मिळणार नव्हतं. अनेक जनुकं, अनेक जाती घ्याव्या लागल्या.

आणि तसं केल्यावर सगळ्यांनाच अनपेक्षित उत्तर मिळालं. एमा टीलिंग, मार्क स्प्रिंगर वगैरेंच्या 2000 ते 2005 च्या कामातून दिसलं की वटवाघळं एकाच कुळातली आहेत, म्हणजे पेटिग्रूचं म्हणणं चूक. पण डॉब्सनचा ‘मायक्रो’ गट हा खरा गटच नाही! घोड्याच्या नालासारखं नाक असलेली वटवाघळं आणि त्यांचे नातलग हे फळखाऊंच्या जवळचे निघाले. नव्या दोन गटांना यिन आणि यांग या चिनी शब्दांवरून नावं मिळाली: यिनटेरोकायरॉप्टेरा आणि यांगोकायरॉप्टेरा. आपल्या भाषेत सांगायचं तर, सह्याद्रीतल्या गुहेत राहणारं छोटं नालनाकी वटवाघूळ हे घराच्या छपरात राहणाऱ्या तितक्याच छोट्या पिपिस्ट्रेलपेक्षा वडावर लटकणाऱ्या मोठ्या वटवाघळाच्या जवळचं आहे. आकार, आहार, आवाज, सगळंच फसवं निघालं.

आणि प्रायमेट्स? वटवाघळं त्यांच्यापासून बरीच लांब, मांसाहारी, खुरांचे प्राणी, देवमासे, चिचुंद्र्या यांच्यासोबतच्या मोठ्या फांदीवर बसतात.

यातून नवा प्रश्नही जन्मला. प्रतिध्वनीवरून वाट काढणं सगळ्या वटवाघळांच्या पूर्वजात होतं आणि फळखाऊंनी ते गमावलं, की ते दोनदा स्वतंत्रपणे आलं? यावर अजून वाद चालू आहे. जुनी विभागणी मान्य असती तर हा प्रश्न कुणाला पडलाही नसता.

तर आता तुमच्या रिव्ह्यूकडे. प्रत्येक पेपर वाचताना वहीत चार रकाने आखा. लेखकाने कुठला निकष घेतला? किती आणि कुठले नमुने पाहिले? तो निकष एकटा आहे की गठ्ठा? काय सापडलं असतं तर निष्कर्ष पडला असता? लिनियस, डॉब्सन, पेटिग्रू, टीलिंग हे चौघे या रकान्यांत भरून बघा. कोण हुशार होतं आणि कोण नव्हतं, हे तिथे दिसणार नाही. कुणाच्या हातात कुठला पुरावा होता आणि कुठला नव्हता, तेवढं दिसेल. आणि ‘नव्हता’ची जी जागा रिकामी राहते, तिथेच बहुतेक वेळा तुमच्या संशोधनाचा विषय असतो. मुलाखतीत ‘रिसर्च गॅप काय?’ असं विचारतात ना, तेव्हा याच रकान्याकडे बोट दाखवायचं.