विजयोत्सव आणि विजयस्मृती

करडी (जि. भंडारा) : भंडारा जिल्ह्यातील गावांमध्ये शंकरपट भरला की जिंकलेल्या बैलजोडीवर गुलाल उधळला जातो आणि रात्री झाडीपट्टीच्या नाटकाला गर्दी लोटते. गुलाल, वाद्ये आणि मिरवणूक ही विजय साजरा करण्याची रीत गावापासून महानगरापर्यंत सारखीच आहे. मात्र गुलाल उतरल्यानंतर विजयाची आठवण कोण आणि कशी जपतो, यावरच त्याचा पुढील अर्थ ठरत असतो.

रणांगणावरील विजय

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्या मोहिमेतून आलेल्या चर्चच्या घंटा भीमाशंकर, वाईजवळील मेणवली आणि नाशिकचे नारोशंकर मंदिर येथे आजही पाहावयास मिळतात. जिंकलेली वस्तू नष्ट न करता देवालयात टांगल्यामुळे त्या विजयाची आठवण नित्याच्या पूजाअर्चेत मिसळून गेली.

स्मारकाचा अर्थ बदलतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातील कोरेगाव भीमा येथील स्तंभ. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे पेशव्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी यांच्यात लढाई झाली. कंपनीने आपल्या सैनिकांच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारला. त्यावर महार सैनिकांचीही नावे कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्तंभास भेट दिली. कंपनीची सत्ता लोपली, परंतु तिचा स्तंभ आत्मसन्मानाचे प्रतीक बनला. तेथे दरवर्षी लाखो अनुयायी अभिवादनासाठी येतात.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाका येथे पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. या विजयाचा स्मृतिदिन ‘विजय दिवस’ म्हणून देशभर पाळला जातो. कारगिल विजय दिवस २६ जुलै रोजी असतो. दोन्ही दिवशी प्रथम हुतात्म्यांना आदरांजली वाहिली जाते.

क्रीडांगणावरील विजय

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक पटकाविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. कराडहून त्यांच्या गोळेश्वर गावापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गावाने तत्काळ केलेला गौरव शासनदरबारी मात्र फार उशिरा झाला. १९८४ मध्ये अपघाती निधन झालेल्या खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

पुढे बैलगाड्यांची जागा उघड्या बसने घेतली. २००७ आणि २०२४ मध्ये ट्वेंटी-२० विश्वविजेत्या भारतीय क्रिकेट संघांचे मुंबईकरांनी असेच स्वागत केले. मात्र ४ जून २०२५ रोजी बंगळुरू येथे आयपीएल विजेत्या संघाच्या स्वागतावेळी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा मृत्यू झाला. नियोजनाविना जमलेल्या गर्दीमुळे विजयाचा दिवस शोकाचा झाला.

मिरवणूक एका दिवसात संपते. घंटा, स्तंभ किंवा स्मृतिदिन पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्या विजयासाठी कोणी किंमत मोजली, याची नोंद त्यांतून होते का, हीच समाजाच्या कृतज्ञतेची खरी कसोटी आहे.